आकाशातले वाईट शब्द

धाकटीचा लिफाफा आला तेव्हा काकू एका हॉटेलच्या पडद्यांच्या ढिगात कमरेपर्यंत बुडाल्या होत्या. हात कोरडे करून त्यांनी तो उघडला. आत चार कागद, दोन्ही बाजूंनी भरलेले. डावीकडे रशियन शब्द, मधे त्याचा उच्चार आपल्या अक्षरांत, उजवीकडे अर्थ. सगळ्यात वर एक ओळ: ‘आई, तू हट्ट धरलास म्हणून पाठवते. पण पाठ करत बसू नकोस, गुडघ्यांना जप.’

‘‘पाठांतराला गुडघे कधीपासून लागायला लागले?’’ काकू पडद्यांना म्हणाल्या.

गल्लीतले लहानथोर सगळे त्यांना काकूच म्हणत. लाँड्रीवर पाटी होती, पण ती कोणी वाचत नव्हतं. ‘काकूंकडे टाक’ म्हटलं की कपडे बरोबर पोहोचत. काकूंना दोन मुलं. थोरला लिफ्ट दुरुस्त करायचा. धाकटी लहानपणापासून झाडावर, पाण्याच्या टाकीवर, जिथे म्हणून चढू नये तिथे चढणारी. शिकून इंजिनिअर झाली, कुठल्या कुठल्या परीक्षा देत गेली, आणि आता तीन महिन्यांनी रशियन यानातून पृथ्वीभोवती फिरणाऱ्या स्थानकावर जाणार होती. चाळीस दिवस तिथे, मग परत.

‘‘टाकीवरून तिला मीच उतरवायचो,’’ थोरला म्हणायचा. ‘‘आता माझी शिडी पुरायची नाही.’’

ती परत येईल त्या दिवशी घरच्यांना अवकाश संस्थेच्या मोठ्या ऑफिसात बोलावणार होते. यान आणि जमीन यांच्यातलं सगळं बोलणं रशियनमध्ये. तो आवाज हॉलमध्ये ऐकू येईल आणि एक दुभाषी मुलगी त्याचा अर्थ सांगेल, असं तिथल्या साहेबांनी समजावलं होतं. ‘‘तुम्हाला काही करायचं नाही, मावशी. निवांत बसायचं आणि शेवटी टाळ्या वाजवायच्या.’’

हे निवांत बसणं काकूंच्या चांगलं ओळखीचं होतं.

बावीस वर्षांपूर्वी त्या अशाच बसल्या होत्या. हॉस्पिटलच्या बाकावर, नवऱ्याचा शर्ट मांडीवर घेऊन. डॉक्टरांनी थोरल्याला आत बोलावलं. तेव्हा तो वीस वर्षांचा. बाहेर येऊन म्हणाला, ‘‘बरे आहेत. झोपलेत.’’ हातातला कागद त्याने पाठीमागे धरला होता. समोर धरला असता तरी काय, काकूंना तेव्हा अक्षर आणि मुंगी सारखीच. तीन तास त्यांनी त्या शर्टाची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. नर्स आली, ‘‘बरे आहेत’’ म्हणाली. दीर आले, तेही तेच म्हणाले. मग कळलं की पहिल्यांदा कोणी ‘बरे आहेत’ म्हटलं तेव्हाच सगळं संपलेलं होतं. जगाला कळलं होतं. जिचा नवरा गेला तिला तेवढं सांगायचं राहिलं होतं.

थोरल्याला त्या कधी एका शब्दाने बोलल्या नाहीत. पण महिन्याभरात प्रौढांच्या वर्गात जाऊन बसल्या. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी ‘अ’ गिरवला. माझ्या आणि कागदाच्या मधे पुन्हा कोणी उभं राहायचं नाही, एवढीच त्यामागची जिद्द. आणि आता धाकटी खाली येईल तेव्हा तिचं काय होतंय ते त्यांना स्वतःच्या कानाने कळायला हवं होतं. बरं असो की वाईट. मधे कोणी नको.

गल्लीत रशियन येणारा माणूस एकच. कप्तान. ते कप्तान कधीच नव्हते. रशियन खलाशी असलेल्या मालवाहू जहाजावर अकरा वर्षं स्वयंपाकी होते. शर्ट मात्र कप्तानासारखे कडक लागत, म्हणून हे नाव.

‘‘वहिनी, मला येतं ते कांदे सोलण्याचं रशियन,’’ ते म्हणाले. ‘‘आणि शिव्यांचं. आकाशात दोन्ही चालायची नाहीत.’’

‘‘अक्षरं येतात ना?’’

‘‘येतात. पिठाच्या पोत्यांवरची वाचून वाचून आली.’’

‘‘मग झालं. अर्थ कागदावर आहे. तुम्ही तुमच्या तोंडाने म्हणा, मी माझ्या कानाने ऐकते. शर्ट फुकट.’’

‘‘खळ घालून?’’

‘‘खळ घालून.’’

दुसऱ्या दुपारपासून शाळा भरली. काकू इस्त्रीच्या टेबलाशी, कप्तान कपड्यांच्या गाठोड्यावर पाय पसरून. पहिलाच शब्द निघाला ‘झिम्ल्या’. पृथ्वी.

‘‘हा मला ठाऊक आहे!’’ कप्तान खूश झाले. ‘‘किनारा दिसला की खलाशी हेच ओरडायचे. जमीन दिसली, झिम्ल्या! आणि बटाट्यांना लागलेली माती असते ना, तीसुद्धा झिम्ल्याच.’’

काकूंचा हात जागच्या जागी थांबला. ‘‘म्हणजे माझी पोरगी तिथून खाली बघून ज्याला झिम्ल्या म्हणेल, तेच मी रोज बटाट्यावरून धुऊन काढते?’’

‘‘तेच.’’

‘‘एवढी मोठी वस्तू माझ्या मोरीतून वाहून जाते आणि मला पत्ता नाही.’’

‘‘वहिनी, शर्ट!’’ कप्तान ओरडले. इस्त्रीखालून धूर निघाला होता. त्या शर्टाच्या पाठीवर इस्त्रीचं तपकिरी नाक कायमचं उमटलं. तो नेमका कप्तानांचाच निघाला, म्हणून बरं.

मग रोज आठ-दहा शब्द. सोन्त्से म्हणजे सूर्य. लुना, चंद्र. झ्वेझ्दा, तारा. हा शब्द म्हणताना कप्तानांची कवळी सुटायची, पण काकूंना तो पहिल्या झटक्यात जमला. न्येबा, आकाश. व्सिल्येन्नाया, हे अख्खं विश्व. या शब्दाला काकूंनी तीन दिवस घेतले. ‘‘बरोबर आहे,’’ त्या म्हणाल्या, ‘‘विश्व काय एका दिवसात तोंडात मावेल?’’ आणि निवेसोमस्त. वजन नसणं. भिजलेली गादीची चादर खांद्यावर टाकून गच्चीचा जिना चढताना काकू हा शब्द पायरीगणिक म्हणत. निवेसोमस्त, निवेसोमस्त. सत्तर वर्षांत त्यांनी जे जे उचललं त्याला वजन होतं. जगात अशी एक जागा आहे की जिथे ओली चादर नुसती सोडून दिली तर ती तिथेच राहते, हे त्यांना रोज नव्याने खरं वाटायचं आणि रोज नव्याने अंगावर काटा यायचा.

लक्षात ठेवायची काकूंची रीत त्यांच्या धंद्यातली होती. अक्षर यायच्या आधी त्यांचं सगळं काम खुणांवर चालायचं. प्रत्येक घराच्या कपड्यांना आतल्या शिवणीवर न जाणाऱ्या शाईची खूण. कोणाला दोन ठिपके, कोणाला फुली, कोणाला गळासारखा आकडा. दीडशे घरांच्या दीडशे खुणा डोक्यात, कधी एकाचा मोजा दुसऱ्याकडे गेला नाही. आता त्यांनी प्रत्येक रशियन शब्द एकेका घरात नेऊन ठेवला. उतरतानाचे शब्द तर कपडे वाटत वाटत, ओळीने. यान स्थानकापासून सुटतं, ते कोपऱ्यावरच्या चष्मेवाल्याकडे. वेग मारायला इंजिन पेटतं, ते बेकरीत. यानाचे तीन तुकडे होतात आणि माणसं एकाच तुकड्यात उरतात, ते वाटण्या झालेल्या तीन भावांकडे. बाहेर आगीचा लोळ उठतो आणि आवाज बंद पडतो, ते ऐकू न येणाऱ्या मास्तरांकडे. हवाई छत्री उघडते, शिंपिणीकडे. आणि जमिनीला टेकतं, ते गल्लीच्या टोकाला, बालवाडीत.

महिन्याभराने कप्तानांनी परीक्षा घेतली. काकूंनी सकाळी कपडे गोळा करता करता घडाघडा म्हणून दाखवलं. कप्तान रिकाम्या हातगाडीला धरून मागे चालत होते, ते मधेच थांबून हसत सुटले.

‘‘काय झालं?’’

‘‘वहिनी, पोरगी आधी जमिनीवर टेकली. मग तिने छत्री उघडली. मग ती पेटली. आणि शेवटी सुखरूप वर जाऊन चिकटली. हे उतरणं आहे की सिनेमा उलटा फिरवलाय?’’

काकूंनी कपाळाला हात लावला. वाटायला त्या घरापासून टोकाकडे जात आणि गोळा करायला टोकापासून घराकडे येत, म्हणजे गाडी जसजशी भरेल तसतसं घर जवळ. चाळीस वर्षांची सवय. शब्द ठेवले वाटताना आणि उचलले गोळा करताना.

‘‘आता तिथे जाऊन कपडे गोळा करू नका म्हणजे झालं,’’ कप्तान म्हणाले. तो टोमणा त्यांनी पुढे आठवडाभर पुरवला.

धाकटी वर गेली त्या दिवशी काकूंनी यान चढताना टीव्हीवर पाहिलं आणि न चुकता सगळी रशियन नावं घेतली, थोरला आ वासून बघत राहिला. पण त्याच संध्याकाळी त्या कागद घेऊन कप्तानांसमोर बसल्या.

‘‘एकशे चाळीस शब्द झाले. यात एक डाग नाही.’’

‘‘मग चांगलं आहे की.’’

‘‘चाळीस वर्षं लाँड्री चालवते मी. ज्याच्या गाठोड्यात एकही डाग नाही त्याने डागाचे कपडे घरी लपवलेले असतात. आग कुठंय यात? गळती कुठंय? बिघाडाला ते लोक काय म्हणतात?’’

कप्तानांनी कागद घडी घालून ठेवला. ‘‘जहाजावर बुडण्याचा शब्द काढायचा नाही, असा नियम होता.’’

‘‘माझी लाँड्री काय जहाज आहे?’’

‘‘वहिनी, असले शब्द शिकून काय मिळणार? होणार ते होणार. तुम्हाला कळलं म्हणून टळणार आहे?’’

‘‘टळू दे की न टळू दे. मला कळलं पाहिजे. तुम्ही सांगणार नसाल तर डिक्शनरी द्या, मी एकेक अक्षर लावते.’’

कप्तानांनी दिली नाही. स्वतःच घेऊन बसले. जुन्या पुस्तकांच्या दुकानातून अवकाशयानांवरचं एक चित्रांचं रशियन पुस्तकही शोधून आणलं. त्यातून पंचवीस-तीस वाईट शब्द निघाले. न्येत् स्व्याझी, म्हणजे संपर्क नाही. शेवटी एक लांबलचक जोडशब्द, बल्लिस्तीचेस्की स्पूस्क. शेजारी चित्र: पृथ्वीकडे येणाऱ्या दोन रेघा. एक लांब, तिरकी. दुसरी तुटलेल्या फांदीसारखी सरळ खाली.

‘‘याचा अर्थ मला लागत नाही,’’ कप्तान म्हणाले. काकूंनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. लागत नव्हतं की सांगवत नव्हतं, देव जाणे.

दर रविवारी धाकटीशी दहा मिनिटं बोलता यायचं. पडद्यावर तिचे केस चहूकडे उभे, जसं काही कोणी तिला उलटं टांगलंय.

‘‘आई, आज सोळा वेळा सूर्य उगवला.’’

‘‘मग सोळा वेळा दात घासलेस?’’

धाकटी हसली. काकू हसल्या नाहीत. ‘‘बल्लिस्तीचेस्की स्पूस्क म्हणजे काय?’’

‘‘हा शब्द मी दिला नव्हता.’’

‘‘नव्हता. म्हणून तर विचारते.’’

‘‘अगं, कशाला...’’

‘‘तुझे बाबा गेले तेव्हा तू चौदा वर्षांची होतीस. तुला माझ्या आधी कळलं होतं ना?’’

मग धाकटीने सांगितलं, शाळेत धडा समजावतात तसं, काही न वगळता. ‘‘यान नेहमी तिरकं येतं, जिना उतरल्यासारखं. काही बिघडलं तर ते जिना सोडतं आणि दगडासारखं येतं. गरगर फिरत. तेव्हा वजन आठपट होतं. म्हणजे माझ्याएवढ्या आणखी सातजणी माझ्या छातीवर बसल्यात असं समज. श्वास पोटाने घ्यावा लागतो. ठरलेल्या जागेच्या चारशे किलोमीटर अलीकडे पडतं, म्हणून शोधायला वेळ लागतो. पण छत्री तीच, ती उघडते. याआधी माणसं अशी उतरली आहेत, आई. जिवंत उतरली आहेत.’’

‘‘सगळी?’’

‘‘मला माहीत आहेत ती सगळी.’’

‘‘हां. आता मला झोप लागेल.’’

‘‘असलं ऐकून लोकांची झोप उडते.’’

‘‘लोकांची ऐकून उडते, माझी न ऐकून उडते.’’

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी थोरला त्यांना गच्चीवर घेऊन गेला. सूर्य नुकताच बुडाला होता, वाळत घातलेल्या चादरी अजून उजळ दिसत होत्या. थोरल्याने घड्याळ पाहून बोट दाखवलं. पाण्याच्या टाकीमागून एक ठिपका वर आला. त्याला ना आवाज, ना लुकलुक. कोणी मोठ्या चादरीवरून बोट सरळ फिरवावं तसा तो अख्ख्या आभाळावरून चालत गेला.

‘‘ती त्यात आहे,’’ थोरला म्हणाला.

काकू मान वर करून बघत राहिल्या. ज्या पोरीला त्यांनी पाण्याच्या बादलीत उभी करून घासलं होतं, ती त्या ठिपक्यात होती, आणि ठिपका समुद्रांवरून, डोंगरांवरून, झोपलेल्या आणि जाग्या शहरांवरून चालला होता. शब्द आठवावा म्हटलं तर एकही आठवेना, रशियन नाही आणि आपलाही नाही. चार मिनिटांत ठिपका पृथ्वीच्या सावलीत शिरून विझला. काकूंनी हात जोडले की नुसते एकमेकांत गुंफले, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

परतीचा दिवस उजाडला. ऑफिसातला हॉल मोठा होता. समोर भिंतभर पडदा, टेबलांवर पाण्याच्या बाटल्या, बशीत बिस्किटं. फक्त घरच्यांना परवानगी, म्हणून कप्तान बाहेरच राहिले. काकू पहिल्या रांगेत, शेजारी थोरला. बाजूला काचेच्या खोलीसारख्या आडोशात हेडफोन लावलेली दुभाषी मुलगी.

‘‘मूळ आवाज बारीक करू नका हं,’’ काकूंनी साहेबांना सांगितलं.

‘‘त्याचा तुम्हाला काय उपयोग, मावशी?’’

‘‘असू दे. कानाला बरा वाटतो.’’

यान सुटलं. चष्मेवाला. इंजिन पेटलं, साडेचार मिनिटं बरोबर जळलं. बेकरी. दुभाषी मुलगी छान सांगत होती, आणि ती सांगायच्या आधी काकूंना ते कळलेलं असायचं. प्रत्येक शब्द आकाशातून येऊन त्यांच्या मनातल्या ठरल्या दाराशी उभा राहत होता. तुकडे सुटले. तीन भाऊ. काकू मनाने मास्तरांच्या दाराकडे वळल्या.

तेवढ्यात कर्कश खरखर झाली आणि त्यातून एक पुरुषी आवाज आला, वेगात, तरीही शांत. चार-पाच शब्द. मधे दोन असे, की ज्यांना काकूंनी गल्लीत घर दिलंच नव्हतं.

बल्लिस्तीचेस्की स्पूस्क.

दुभाषी मुलीचे ओठ उघडले आणि तसेच राहिले. तिने साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी मान हलवली, इतकी बारीक की कोणाच्या लक्षात येऊ नये. मुलगी म्हणाली, ‘‘यान खाली येत आहे. सर्व काही ठरल्याप्रमाणे चालू आहे.’’

हॉलमध्ये कोणीतरी बिस्किटांची बशी पुढे सरकवली.

थोरला आईकडे बघत होता. दुभाषी मुलीच्या बोलण्यावर त्याचा विश्वास होता, पण आईचा चेहरा तो बेचाळीस वर्षं वाचत आला होता. ‘‘आई? काय म्हणाले? बरं आहे ना?’’

आणि काकूंच्या जिभेवर उत्तर तयार होतं. आपोआप आलं होतं, बोलवायला लागलंच नव्हतं. बरं आहे. एवढंच म्हणायचं. समोर आपलं माणूस, त्याच्या डोळ्यांत भीती, आणि आपल्या हातात ती थोपवायचे दोन शब्द. केवढे हलके शब्द. त्या क्षणी त्यांना हॉस्पिटलच्या बाकावरून वर बघणारी आपलीच मूर्ती दिसली, आणि पहिल्यांदाच त्या दाराच्या आतल्या बाजूने दिसली, कागद पाठीमागे धरून उभ्या असलेल्या वीस वर्षांच्या पोराच्या डोळ्यांतून. बावीस वर्षं त्यांनी त्याचा खोटेपणा पाहिला होता. त्याला किती भीती वाटली असेल, ते पाहायचं राहून गेलं होतं.

त्यांनी त्याचा हात आपल्या हातात घेतला.

‘‘बरं नाही,’’ त्या म्हणाल्या. ‘‘नीट ऐक. यानाने जिना सोडलाय. ते सरळ खाली येतंय.’’

‘‘म्हणजे ब्रेक गेले?’’

‘‘ब्रेक लागलेत. पण पडणं सरळ आहे. तिच्या छातीवर आत्ता तिच्याएवढ्या सातजणी बसल्यात. ती पोटाने श्वास घेतेय. गरगर फिरतेय. ठरल्या जागी उतरणार नाही, कुठेतरी अलीकडे पडेल. आता बराच वेळ कोणी काही बोलणार नाही. न बोलणं म्हणजे संपलं असं नाही. याआधी माणसं अशी आलेली आहेत.’’

थोरल्याने विचारलं, ‘‘आणि आली नाही तर?’’

‘‘तर आपल्याला दोघांना एकदमच कळेल.’’

मागच्या रांगांमध्ये कुजबुज वाढली. साहेब उठून जवळ आले. ‘‘मावशी, कृपा करून अंदाज बांधू नका, लोक घाबरतील.’’

‘‘अंदाज नाही, साहेब. तुमच्या पोरीला विचारा.’’

सगळे काचेकडे वळले. दुभाषी मुलीने हेडफोन एका कानावरून सरकवला. साहेबांकडे या वेळी तिने पाहिलंच नाही. ‘‘काकू बरोबर सांगताहेत,’’ ती माइकमधून म्हणाली. ‘‘मीच बरोबर सांगितलं नाही.’’

मग ती शांतता सुरू झाली. स्पीकरमधून नुसती खरखर, आणि दर अर्ध्या मिनिटाने जमिनीवरची एक बाई यानाला हाक मारत होती, त्याच स्वरात, न थकता. प्रत्येक हाकेनंतर दुसरा आवाज सांगायचा: न्येत् स्व्याझी. मुलगी म्हणायची, ‘‘संपर्क नाही.’’ ते न लपवता म्हणायची, आणि आश्चर्य असं की ते ऐकत बसणं काकूंना झेपत होतं. दहा मिनिटं झाली. वीस झाली. काकूंनी डोळे मिटले. वर कुठेतरी आगीच्या शेपटीचा एक गोळा न्येबातून झिम्ल्याकडे येत होता, आणि त्याच्या आत त्यांच्या पोटचा एक श्वास चालू होता किंवा नव्हता. केवढं ते आभाळ! त्याच्या एका टोकाला लुना, सोन्त्से, न मोजता येणारे तारे, आणि या टोकाला एक हाक मारणारी बाई. त्या बाईचा आवाज तेवढा सगळ्या विश्वातून आरपार जात होता.

‘‘आई,’’ थोरला अगदी हळू म्हणाला, ‘‘तेव्हा मला...’’

‘‘कळलं मला,’’ काकू म्हणाल्या. ‘‘आत्ता कळलं.’’

अडतिसाव्या मिनिटाला एक नवा आवाज घुसला. मागे विमानाची घरघर. काकू ताठ झाल्या.

‘‘वीझू पाराशूत! ना झिम्ल्ये!’’

मुलीने माइक उचलायच्या आत काकू उभ्या राहिल्या होत्या. ‘‘त्याला छत्री दिसतेय,’’ त्यांनी हॉलला सांगितलं. ‘‘विमानातल्या माणसाला छत्री दिसतेय. जमिनीवर पसरलेली.’’

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. छत्री म्हणजे माणूस नव्हे, हे आता सगळ्यांना कळत होतं. विमानातला माणूस यानाला हाका मारत राहिला. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा खरखरीतून कमांडरचा आवाज आला, दमलेला, त्याने स्वतःची खुशाली दिली. मग दुसऱ्याने. मग थोडा वेळ काहीच नाही. थोरल्याने आईचा हात इतका आवळला की हाडं वाजली.

मग एका बाईचा घोगरा आवाज. परक्या भाषेतला, आणि तरी त्यांच्या स्वयंपाकघरातला. प्रकृती चांगली आहे. तिने ते रशियनमध्येच सांगितलं, जसं सांगायचा नियम होता तसं, आणि ते चारशे किलोमीटर भरकटून, हजारो किलोमीटर ओलांडून सरळ आईच्या कानात आलं. मधे कोणी नव्हतं.

विमानातल्या माणसाने हसत काहीतरी विचारलं. धाकटीने दोन शब्दांत उत्तर दिलं.

‘‘वीझू त्रावू.’’

‘‘काय म्हणाली? आई, काय म्हणाली?’’ थोरला रडत होता की हसत होता, सांगणं कठीण.

‘‘तिला काहीतरी दिसतंय,’’ काकू म्हणाल्या. ‘‘काय ते मला येत नाही.’’ आणि त्या काचेकडे वळल्या. ‘‘पोरी, काय दिसतंय तिला?’’

दुभाषी मुलीने माइक जवळ ओढला. ‘‘गवत, काकू. यान आडवं पडलं असणार, खिडकी जमिनीला लागली असणार. तिला गवत दिसतंय.’’

सूर्य, चंद्र, तारे, अख्खं विश्व, सगळं त्यांनी पाठ केलं होतं. गवत घ्यावं असं कोणाला सुचलंच नव्हतं. काकू खुर्चीवर बसल्या आणि त्यांना एक हिरवं पातं दिसलं, काळवंडलेल्या काचेला टेकलेलं, वाऱ्याने हलणारं, आणि त्यामागे त्याच्याकडे टक लावून बघणारे आपल्या पोरीचे डोळे.

स्पीकरमधून धाकटी अजून बोलत होती. भरभर, कोणी न विचारता.

‘‘थांबू नकोस,’’ काकू दुभाषी मुलीला म्हणाल्या. ‘‘पुढे काय दिसतंय, सांग. सगळं सांग.’’